दप्तर, दफ्तर, दाफ्तार

राज्ये लयास जातात, त्यांची नाणी वितळवली जातात, त्यांच्या शिक्क्यांवरील अक्षरे वाचणारा पुढे कोणी उरत नाही; परंतु त्यांच्या कारभारात एकदा रुजू झालेले शब्द नव्या धन्याच्या चाकरीत बिनतक्रार हजर राहतात, याचा प्रत्यय ज्याला घ्यावयाचा असेल त्याने नांदेडच्या किंवा लातूरच्या तहसील कचेरीच्या आवारात अर्धा दिवस बसावे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा तत्कालीन मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आणि तरीही त्या आवारातील लिंबाखाली अर्ज, दाखला, नक्कल, वारस, हरकत, खासरा, मुन्तखब हेच शब्द उच्चारले जातात, आणि या सगळ्या गोतावळ्याचे कुलप्रमुखपद ज्याच्याकडे जावे असा शब्द म्हणजे दप्तर.

हा शब्द मला इतका घरचा होता, की त्याचे कूळ-मूळ विचारावे असे कधी मनातही आले नव्हते. माझी एक भाची नवऱ्याच्या नोकरीनिमित्त जाकार्तास असते. तिच्या मुलाच्या शाळेतील एका कागदाचे छायाचित्र तिने मला पाठविले आणि सोबत एवढेच लिहिले, की 'मामा, हे तुम्हाला कळेल.' कागदाच्या शिरोभागी रोमन लिपीत दोन शब्द होते : दाफ्तार हादिर. खाली मुलांची नावे आणि नावांपुढे खुणांच्या चौकटी. तो शाळेचा हजेरीपट होता. आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखाद्या जुन्या गुरुजींना तो दाखविला असता, तर इंडोनेशियाचे नावही न ऐकता त्यांनी 'हाजरांचे दप्तर' असा त्याचा अर्थ सांगितला असता.

मलय आणि इंडोनेशियन या मुळात एकाच भाषेच्या दोन राजमान्य शाखा. दप्तर हा शब्द दोहींकडे आहे, पण दोघींनी त्याला दोन निरनिराळ्या कामांना लावले आहे. इंडोनेशियात दाफ्तार म्हणजे यादी, मग ती मतदारांची असो, भावांची असो वा ग्रंथांची. मलेशियात साध्या यादीला 'सनाराय' म्हणण्याचा प्रघात अधिक, आणि दाफ्तार हा शब्द नोंदणीच्या अधिकृत व्यवहारासाठी राखून ठेवलेला. तेथील विद्यापीठाच्या कुलसचिवास 'पन्दाफ्तार' म्हणतात. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जो अधिकारी कुलसचिव या संस्कृत पदवीने वावरतो, तोच समुद्रापलीकडे गेल्यास दप्तरदार होतो, ही गोष्ट मला तरी मौजेची वाटते.

आणि आपल्याकडे? मराठीत या शब्दाचे अर्थ पाहू गेल्यास एका वाड्यात तीन पिढ्या नांदाव्यात तसे ते एकत्र नांदताना आढळतात. दप्तर म्हणजे कारभाराचे कागद. दप्तर म्हणजे ते कागद जेथे राहतात ती जागा. आणि दप्तर म्हणजे शाळकरी पोराच्या पाठीवरची पिशवी. पेशवे दप्तर म्हणतो तेव्हा पुण्यातील ते रुमाल डोळ्यांपुढे येतात, ज्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. एखादे प्रकरण दप्तरी दाखल झाले म्हणजे ते मेले, हे सांगावे लागत नाही. दप्तरदिरंगाई हा शब्द तर इतका रूढ आहे, की शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या लांबलचक नावाच्या अधिनियमाला लोकांनी सरळ दप्तरदिरंगाईचा कायदा असे नाव देऊन टाकले. गोदावरीच्या आणि मांजरेच्या काठी या शब्दाचे उच्चारही दोन आहेत, ही बाब पुण्या-मुंबईच्या वाचकास कदाचित ठाऊक नसेल. उर्दूच्या सहवासात वाढलेली आमची जुनी माणसे कचेरीला 'दफ्तर' म्हणत, नातवाच्या पिशवीला 'दप्तर'. आजोबा दफ्तरला गेले आणि नातू दप्तर घेऊन गेला, या वाक्यात कोणालाही घोटाळा वाटत नसे. फ आणि प या दोन अक्षरांमध्ये सत्ता आणि बाल्य यांची वाटणी भाषेने आपल्या आपण करून टाकली होती.

शब्दाचे मूळ मात्र आजोबांच्या सोवळ्याला मानवणारे नाही. कोशकार दप्तराचा माग काढीत फारसी-अरबीतून ग्रीकपर्यंत जातात आणि तेथे त्यांना 'दिफ्थेरा' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ कमावलेले कातडे. हिरोडोटसने लिहून ठेवले आहे, की आयोनियन ग्रीक लोक पपायरसच्या ग्रंथांनाही 'कातडी'च म्हणत, कारण पूर्वी पपायरस दुर्मीळ असताना ते शेळ्यामेंढ्यांच्या चामड्यावर लिहीत असत. म्हणजे लिहिण्याची वस्तू बदलली, नाव बदलले नाही. इराणच्या सम्राटांचे राजकीय वृत्तांतही अशा चर्मपत्रांवर ठेवलेले असत असे ग्रीक लेखक सांगतात. तेव्हा हा शब्द ग्रीकांकडून इराणात आणि तेथून अरबांच्या कारभारात शिरला, तुर्कांकडे त्याचा 'देफ्तेर' झाला आणि उस्मानी सुलतानांचा खजिना सांभाळणारा मंत्री 'देफ्तेरदार' म्हणवू लागला, हा क्रम सहज समजण्याजोगा आहे. १८२६ साली ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने मुलांच्या घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या एका भयंकर रोगाला नाव देताना हाच ग्रीक शब्द उचलला, आणि ज्याला आपण घटसर्प म्हणतो तो रोग जगभर डिफ्थेरिया झाला. बाळाला त्रिगुणी लस टोचून ज्या नावापासून वाचवायचे, त्याच नावाच्या सख्ख्या भावंडाला पाच-सहा वर्षांनी त्याच्या पाठीवर लादायचे, असा हा योग आहे.

माझे आजोबा कंधार तालुक्यातील एका गावी पटवारी होते. त्यांचे दफ्तर, म्हणजे लाल खारव्यात बांधलेले गठ्ठे, देवघराला लागून असलेल्या कोनाड्यात असे, आणि चामड्याच्या वहाणेला पाय लागला तरी पाय धुणारी माझी आजी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या गठ्ठ्यांवर न चुकता हळदकुंकू वाही. तिला जर कोणी सांगितले असते, की बाई, तू ज्याची पूजा करतेस त्या शब्दाचा अर्थ शेळीचे कातडे असा आहे, तर तिने सांगणाऱ्यालाच अंघोळ करावयास लावली असती. आणि मला वाटते, ते योग्यच झाले असते. शब्दाचे गोत्र तो कोठून निघाला यावरून सांगता येते, त्याची योग्यता मात्र तो ज्यांच्या घरी राहिला त्यांच्या वागण्यावरूनच ठरते.

मराठवाड्यात हा शब्द खुष्कीच्या मार्गाने आला. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दौलताबादेस राजधानी हलविली, १३४७ साली बहमनी राज्य उभे राहिले, पुढच्या शतकात त्याची राजधानी बीदरला आली. आणि बीदर म्हणजे आमच्या उदगीर-निलंग्याच्या उंबऱ्यावरचेच गाव. तेथे गीलानहून आलेला महमूद गावान वजीर झाला. त्याने जमिनीची मोजणी करविली, फारसी पत्रव्यवहाराचा आदर्श घालून दिला, आणि १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून त्याचा शिरच्छेद झाला. कागदावर राज्य चालविणारा कागदानेच मारला गेला. पुढे पैठणच्या एकनाथांच्या गुरूंकडे, जनार्दनस्वामींकडे, दौलताबादच्या किल्ल्याचा कारभार होता, आणि नाथ तेथे हिशेबाची वही तपासताना एका पैची चूक सापडल्याच्या आनंदात मध्यरात्री टाळी वाजवून उठले अशी कथा आहे. कथेचे प्रामाण्य असो नसो, नाथांच्या भारुडांत अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशा नावांची जी रचना आढळते ती कचेरीच्या भाषेशी घरोबा असल्याविना सुचणारी नाही. जीवाने देवाकडे दाद मागायची तीसुद्धा रीतसर अर्ज करून, ही कल्पना ज्या प्रांतात सुचली, त्या प्रांताच्या अंगी दप्तर किती मुरले होते ते निराळे सांगावयास नको.

आसफजाही, म्हणजे निजामाच्या, राज्यात महसुलाची दोन मोठी दफ्तरे होती. दफ्तर-ए-दीवानी हे मराठी मुलखाकडचे. ते राय रायान या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या मराठी ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने होते. दफ्तर-ए-माल हे तेलंगणाकडचे. ते ज्या माथुर कायस्थ घराण्याकडे होते त्याला 'मालवाला' हे नावच त्या दफ्तरावरून पडले. हे सारे लोक फारसीत लिहीत आणि घरी आपापली भाषा बोलत. १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. गावचा पटवारी मात्र मोडीत खरडत राहिला. वर्ष फसली, जे इसवी सनात आणण्यासाठी ५९० मिळवावे लागतात. महिने आजूर, दै, बहमन हे इराणी. अधिकारी अव्वल तालुकदार आणि गिरदावर. आणि ज्याच्या जमिनीची नोंद व्हायची तो कुणबी या सर्वांतील एकही अक्षर न ओळखणारा. आपले शेत आपले आहे हे सांगणारा कागद आपल्याला वाचता येत नाही, या अवस्थेत आमच्या भागातील कित्येक पिढ्या गेल्या. निजामी राजवटीत मराठी शाळांची जी उपेक्षा झाली तिचे वर्णन अनेकांनी केले आहे, तेव्हा मी ते लांबवीत नाही.

मलय द्वीपसमूहाकडे हाच शब्द जलमार्गाने गेला, आणि तेथे त्याच्या आधी संस्कृत जाऊन बसलेली होती. सुमात्रातील पालेम्बांगजवळ सापडलेला ६८३ सालचा केदुकान बुकितचा शिलालेख पल्लव लिपीत आहे आणि त्याच्या मलय भाषेत संस्कृत शब्द जागोजाग विखुरलेले आहेत. पुढे इस्लाम आला, अरबी लिपी आली. पण चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या तरेंगानू येथील शिलालेखात, जो अरबी लिपीतील मलय भाषेचा अगदी आरंभीचा पुरावा मानतात, ईश्वराला 'देवता' हाच शब्द वापरलेला आहे. मलाक्का बंदर भरभराटीस आले तेव्हा तेथे गुजरातचे, चोलमंडलाचे, इराणचे आणि अरबस्तानचे व्यापारी उतरत, त्यांच्यावर शाहबंदर नेमलेले असत, आणि जहाजाच्या कप्तानाला नाखोदा म्हणत. आमचे कोकणी बांधव ज्याला नाखवा म्हणतात तोच हा. १५११ मध्ये पोर्तुगीज आले आणि त्यांनी उभयपक्षी आणखी काही शब्द टाकले. त्यांच्या 'लैलाओं'चा मराठीत लिलाव झाला, तिकडे 'लेलांग' झाला. असा एकावर एक थर चढत गेला, आणि ज्या क्रमाने तो त्यांच्या भाषेवर चढला जवळजवळ त्याच क्रमाने आपल्याही.

म्हणून इंडोनेशियन भाषेतील काही पदे वाचताना मराठी माणसाला आपल्याच घरातील भांडी दुसऱ्याच्या फडताळात मांडलेली दिसावीत तसे होते. ग्रंथाच्या शेवटी येणाऱ्या संदर्भसूचीला ते 'दाफ्तार पुस्ताका' म्हणतात. भावपत्रकाला 'दाफ्तार हार्गा' म्हणतात, आणि हा हार्गा म्हणजे संस्कृत 'अर्घ', जो आपल्या महाग या शब्दात लपून बसलेला आहे. नावांची यादी म्हणजे 'दाफ्तार नामा'. त्यांच्या लोकसभेचे नाव आहे 'देवान परवाकिलान राक्यात' : दिवाण, वकील आणि रयत. लातूरच्या गंज गोलाईतील एखाद्या वृद्ध आडत्याने हे नाव ऐकले, तर त्याला ती निजामाच्या अमदानीतील एखादी नवी कचेरी वाटावी. आणि नांदेडकराला तर हजेरीपटावरील 'हादिर' हा शब्द परका वाटण्याचे कारणच नाही, कारण ज्या अरबी धातूपासून तो निघाला त्याच धातूपासून 'हुजूर' निघाला आहे, आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला ते स्थान तख्त सचखंड हजूर साहिब या नावाने जगभर ओळखले जाते. तख्तही त्यांच्याकडे आहे. सिंहासनाला ते 'ताख्ता' म्हणतात.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर सगळे जग एकच आहे असा उद्गार काढून मोकळे होण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. शब्द एक असला म्हणून अनुभव एक होत नाही. इंडोनेशियनाने दप्तर खुले केले, पसरले, भिंतीवर लावले. यादी ही वाचण्यासाठी असते. आपण ते रुमालात बांधले, त्याला गाठ मारली. आपल्या दप्तरात गुप्तता आहे, दडपण आहे आणि पुष्कळ धूळ आहे. चित्रगुप्तालासुद्धा आपण दप्तरच दिले, आणि ते मेल्याखेरीज कोणाला पाहावयास मिळत नाही. एका शब्दाच्या दोन संसारांतील हे अंतर मला त्यांच्या समान मुळापेक्षा अधिक बोलके वाटते.

ही गाठ सोडविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही, पण ते शब्द बदलण्यावर थांबले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि फारसी कारभारी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले; स्वराज्याच्या घडणीत त्या ग्रंथाचे मोल मोठे आहे. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, आणि माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश रचून पुढे त्याच शुद्धीचा कैवार घेतला. परकी पाहुण्यांची समग्र यादी करणाऱ्यानेच त्यांना निरोप देण्याचा आग्रह धरावा, यात विसंगती दिसली तरी प्रामाणिकपणाही आहे. शासनाने कचेऱ्यांच्या पाट्यांवर 'कार्यालय' लिहिले. पाटी बदलली आणि दफ्तर गेले. मुलाच्या पाठीवरचे दप्तर मात्र कोणत्याही शुद्धिकाराला हलविता आले नाही, कारण तेथे त्याला पर्यायी संस्कृत शब्द सुचेपर्यंत मूल शाळेत पोहोचलेले असते. आता तर ते इतके जड झाले आहे, की दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असा शासननिर्णय २०१५ साली काढावा लागला. सत्तेच्या कागदांचा भार पूर्वी पटवाऱ्याच्या शिपायाने वाहिला, विद्येच्या कागदांचा भार आज लेकरे वाहतात.

एक प्रसंग असा आहे, की तेथे इंडोनेशियाचा अर्थ आणि आमचा अर्थ यांमधील अंतर मिटले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे नुकतीच निजली असताना, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. दगडमातीच्या माळवदांखाली माणसे गेली आणि त्यांची कागदपत्रेही गेली. त्यानंतरचे कित्येक दिवस त्या गावांत जे काम चालले ते यादीचे होते : कोण गेले, कोण उरले, कोणाचे घर कोठे होते. माळवदाच्या ढिगाऱ्यावर बसून कारकून नावे विचारीत होते, आणि सांगणारा आपल्याच घरातील नावे एकामागून एक सांगत होता. २६ डिसेंबर २००४ च्या सागरी प्रलयानंतर इंडोनेशियातील आचे प्रांतातही याद्या झाल्या; तेथे मृतांची संख्या दीड लाखाहून अधिक होती. आपत्तीत सापडलेल्यांच्या यादीला ते 'दाफ्तार कोर्बान' म्हणतात. कोर्बान म्हणजे आपला कुर्बान, जो बळी गेला तो. किल्लारीच्या त्या कारकुनांपाशी हा शब्द नव्हता, पण त्यांच्या हातातील कागदाला याहून यथार्थ नाव मला सुचत नाही.

जुन्या दप्तरांची गोष्ट अजून संपलेली नाही, हे अलीकडे पुन्हा ध्यानात आले. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने जातींच्या जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकालीन रुमाल सोडले गेले, हैदराबादपर्यंत जावे लागले, आणि मोडी व उर्दू वाचणारी माणसे दिवा घेऊन शोधावी लागली. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. त्यामुळे आज ज्या भूमीला आपण एक जिल्हा म्हणतो तिच्या पूर्वेतिहासाचे कागद तीन राज्यांत पाहावे लागतात. आणि ज्याला मोडी येते त्याला फारसी येत नाही, फारसी येते त्याला मोडी येत नाही, इंग्रजी येते त्याला दोन्ही येत नाहीत. निलंग्यात १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींना फारसी, उर्दू, तेलुगू, कन्नड इतकेच काय, गोंडी आणि कोलामीही येत होती. हैदराबादच्या मुलकी सेवेत राहून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. त्यांच्यासारखे दुसरे कोणी आमच्या भागातून पुढे आले नाही, याला शब्दांचे परकेपण कारण नाही. आपणच त्या लिप्यांकडे पाठ फिरविली.

तेव्हा कंधार, देगलूर, औसा, उदगीर या बाजूच्या ज्या घरांत पटवाऱ्याचे, देशमुखाचे, इनामदाराचे रुमाल माळ्यावर पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, पुण्य लागावे म्हणून गोदावरीतही सोडू नयेत. एखादा मोडी वा उर्दू वाचणारा गाठून त्यांची यादी करवून घ्यावी आणि तिची एक प्रत नांदेडच्या विद्यापीठाकडे द्यावी. विद्यापीठानेही मोडी आणि फारसी यांचे वर्ग एकाच छताखाली चालवावेत, आणि त्या वर्गांत येणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती द्यावी.